मृदुलाचं वय

सुजयचा फोन आला तेव्हा अलकनंदा शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती. नोएडातल्या एका इंग्रजी शाळेत ती आठवड्यातून चार दिवस मुलांना नाटक शिकवायची. अनोळखी नंबर म्हणून तिने दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा उचलला, तर पलीकडून कुणीतरी हसत म्हणालं, "मृदुला बहनजी, ओळखलंत का?"

त्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी मात्र लक्ष्मीनगरचा भाजीवालाही तिला याच नावाने ओळखायचा. 'मृदुला की पाठशाला' ही हिंदी मालिका तेव्हा दिल्लीतच बनायची आणि दर बुधवारी संध्याकाळी लागायची. नवऱ्याचं घर सोडून एका लहान गावात मुलींची शाळा काढणारी अडतीस वर्षांची मृदुला अलकनंदाने केली होती. तिचं स्वतःचं वय तेव्हा चोवीस. कानशिलांवर पांढरी पावडर, जाड काड्यांचा चष्मा आणि खळ केलेली सुती साडी, एवढ्यावर तिला अडतीसची करायचे. पावणेदोन वर्षं ती मालिका चालली. मग मालिकांचा सगळा कारभार मुंबईला गेला, अलकनंदाचं लग्न झालं, तनया झाली. एकतिसाव्या वर्षी तिला नायिकेच्या वहिनीचं काम आलं, छत्तिसाव्या वर्षी नायकाच्या आईचं. तो नायक तिच्याहून दोनच वर्षांनी लहान होता. त्यानंतर एका खाद्यतेलाच्या जाहिरातीत सासू, आणि मग काहीच नाही.

"सुजय बोलतोय, ताई. सरोजिनी नगरचा सुजय."

"अरे! तू?" तिने डब्याचं झाकण लावून टाकलं. सुजय त्या मालिकेत सहायक दिग्दर्शक होता, सरकारी क्वार्टरात वाढलेला मराठी पोरगा. आता तो मोठ्या निर्मितिसंस्थेत होता, एवढं तिने ऐकलं होतं.

"ताई, मृदुला परत येतेय. बारा वर्षांनंतरची. पन्नाशीची मृदुला. शाळा मोठी झालीय, नवरा परत आलाय, मुलगी विरोधात गेलीय. सगळी गोष्ट तिच्याभोवती. आणि शूटिंग इथेच, नोएडात. तुमचं वय काय आता?"

"एक्कावन्न."

"बिल्कुल परफेक्ट. फक्त एक करा, केस रंगवू नका. जसे आहेत तसे येऊ द्या. कॅमेऱ्यासमोरची लुक टेस्ट दिवाळीनंतर."

फोन ठेवल्यावर तिने डबा तसाच पिशवीत टाकला. आयुष्यात पहिल्यांदा भूमिकेचं वय आणि तिचं वय जुळलं होतं. चोविसाव्या वर्षी तिला अडतीसची व्हावं लागलं होतं, छत्तिसाव्या वर्षी साठीची. आता नुसतं जाऊन उभं राहायचं होतं.

तिने केस रंगवणं बंद केलं. भांगात आधी बोटभर पांढरी रेघ आली, मग ती दोन्ही बाजूंना पसरली. गाझियाबादला वसुंधरामधल्या त्यांच्या सोसायटीत बायका लिफ्टमध्ये विचारू लागल्या, "भाभीजी, तबीयत तो ठीक है?" ती नुसती हसायची. घरी मात्र तिने सगळं सांगितलं होतं. तनया बावीस वर्षांची, कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागलेली. तिने आईभोवती फिरून फिरून पाहिलं आणि म्हणाली, "आई, सही दिसतेस यार. एकदम प्रोफेसर टाइप." शशिकांत, तिचा नवरा, केंद्र सरकारच्या एका खात्यात संचालक होता आणि नाटक-सिनेमाच्या बाबतीत तसा थंडच. लग्न ठरलं तेव्हा त्याने तिची मालिका पाहिलेलीही नव्हती. पण या वेळी त्याने काय केलं, तर सकाळचा चहा स्वतः करायला लागला, आणि ती गच्चीत उन्हात पाठांतर करत बसली की कुणाला वर जाऊ द्यायचा नाही. एकदा तर तिच्यासमोर बसून मृदुलाच्या नवऱ्याचे संवाद वाचून दाखवले, अगदी फाइल वाचावी तसे. दोघंही खूप हसली.

लुक टेस्ट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. बाहेर इतकं धुरकं होतं की मेट्रोतून यमुना दिसत नव्हती. नोएडाच्या स्टुडिओत मेकअप करणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने अलकनंदाच्या गालावरून, कपाळावरून बोटं फिरवली आणि हळूच विचारलं, "मॅम, आपने कभी कुछ करवाया नहीं ना? इंजेक्शन वगैरा?"

"नहीं, कुछ भी नहीं," अलकनंदा म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.  मुलीने मोठ्या पेटीतून जाड मेकअपचा दुसरा डबा काढला.

प्रसंग होता मृदुला आणि तिच्या मुलीचा. मुलगी म्हणते, बाबांना माफ कर, आता तुझं वय काय राहिलंय भांडायचं. त्यावर मृदुलाचं दीड पानाचं उत्तर. अलकनंदाने ते उत्तर उभं राहून नाही दिलं. वह्या तपासत, वर न बघता दिलं. शेवटच्या वाक्याला तिने पेन खाली ठेवलं आणि मुलीकडे पाहिलं. सुजय 'कट' म्हणायचं विसरला. नंतर तो जवळ आला आणि मराठीत म्हणाला, "ताई, हेच. हेच हवं होतं मला."

प्रसंग चार मिनिटांत संपला. पुढे पाऊण तास नुसत्या चेहऱ्याचा गेला. मुंबईहून चॅनेलची तीन माणसं व्हिडिओ कॉलवर होती. ती तिला दिसत नव्हती, फक्त स्पीकरमधून आवाज यायचे. डावीकडून दाखवा. उजवीकडून. हनुवटी वर करा. अजून थोडी वर, गळा बघायचाय. दात न दाखवता हसा. आता दात दाखवून. चष्म्याशिवाय. एका बाईचा आवाज म्हणाला, "बाल थोड़े काले करके देखें?" मग त्याच मेकअपच्या मुलीने तिच्या डोक्यावर काळा फवारा मारला. दोन महिने जपलेले पांढरे केस मिनिटभरात दिसेनासे झाले. समोरच्या मॉनिटरवर अलकनंदाला स्वतःचा चेहरा दिसत होता, हातभर रुंद. डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांच्या कडेच्या दोन घड्या. रोज आरशात दिसायचा तोच चेहरा. पण इतक्या माणसांनी एकदम पाहिल्यावर तो कुणा दुसरीचाच वाटायला लागला.

"थँक यू मॅम, बहुत अच्छा," स्पीकरमधून आवाज आला आणि कॉल संपला.

त्यानंतर सतरा दिवस काही कळलं नाही. ती सुजयला फोन करत नव्हती. विचारायचं नसतं, हे या धंद्यात ती फार पूर्वीच शिकली होती. अठराव्या दिवशी, रविवारी दुपारी, तो स्वतःच घरी आला. हातात मिठाईचा डबा आणि बगलेत एक फाइल. शशिकांत उत्साहाने उठला. "या, या. ऑफिसात सगळे रोज विचारतात मला, कधीपासून लागणार म्हणून."

सुजय सोफ्याच्या कडेला टेकला. अलकनंदाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तिला कळलं.

"कोणाला घेतलं?" तिने विचारलं.

"इशिता म्हणून आहे. दोन सिरियल झाल्यात तिच्या."

"वय?"

सुजयने पाण्याचा पेला उचलला. "तेहतीस."

शशिकांतला कळेना. "पण बाई पन्नाशीची आहे ना?"

"हो सर. म्हणजे... पन्नाशीची बाई लोकांना बघायला आवडते, पण ती पन्नाशीची दिसायला नको. एक बट पांढरी ठेवणार तिची. इथे," त्याने स्वतःच्या कपाळापाशी बोट नेलं आणि लाजून खाली आणलं. "ताई, मी भांडलो. खरंच सांगतो. चॅनेलवाल्यांनी तुमची क्लिप साठ-सत्तर लोकांना दाखवली. लखनौ, इंदूर, नागपूर. अॅक्टिंगला सगळ्यांनी वरचे मार्क दिले."

"आणि?"

"राहू द्या ना, ताई."

"सुजय, आणि?"

"थकलेली दिसते म्हणाले."

 म्हातारी म्हणाले असते तर तिला इतकं लागलं नसतं. म्हातारं होणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण ती थकलेली नव्हती. गेल्या पंधरा वर्षांत ती इतकी ताजी कधीच नव्हती. पहाटे पाचला उठून दीड पानाचं उत्तर पाठ म्हणत होती ती.

सुजयने मग भराभर बाकीचं सांगून टाकलं, जसं कडू औषध एका घोटात संपवावं. मृदुलाच्या आईचं एक काम होतं, पंच्याहत्तरीच्या बाईचं. ते अलकनंदाताईंनी करावं अशी चॅनेलची इच्छा होती. "म्हणजे पन्नाशीच्या बाईची आई," अलकनंदा म्हणाली आणि हसली, आणि ते हसणं ऐकून सुजयने तो विषय तिथेच सोडला. दुसरी गोष्ट फाइलमध्ये होती. नव्या मालिकेत मृदुलाचे जुने दिवस दाखवायचे होते. जुन्या टेप चांगल्या स्थितीत होत्या. पण त्यातल्या मृदुलाचा चेहरा आताच्या मृदुलाशी जुळत नव्हता. म्हणून कॉम्प्युटरवर अलकनंदाच्या चेहऱ्याच्या जागी इशिताचा चेहरा बसवायचा होता. हल्ली ते सहज होतं, म्हणाला सुजय. चालणं, हात, साडी, आवाजसुद्धा अलकनंदाचा राहील. टेप संस्थेच्याच मालकीच्या होत्या, पण चॅनेलच्या वकिलांना अलकनंदाची ना-हरकत सही हवी होती.

शशिकांत उभा राहिला. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस. त्या दिवशीही त्याने चढवला नाही. "तुम्ही चहा घेणार होतात का?" त्याने विचारलं. ज्या तऱ्हेने विचारलं, त्यावरून सुजयला निघायला हवं हे समजलं.

दारापर्यंत अलकनंदा गेली. बूट घालता घालता सुजय म्हणाला, "ताई, त्या टेप डिजिटल करताना एक गंमत सापडली. पहिले दोन एपिसोड. भानुमती मॅडमवाले. कधी लागलेच नाहीत ना ते. मी तर विसरूनच गेलो होतो की आधी त्या होत्या."

अलकनंदा विसरली नव्हती. तिने फक्त त्या गोष्टीकडे कधी वळून पाहिलं नव्हतं.

भानुमती खरे हे दिल्लीतल्या मराठी मंडळींमधलं मोठं नाव होतं. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी तालीम. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात गणपतीत नाटक व्हायचं, त्यात मुख्य काम भानूताईंचंच असायचं. वीस वर्षांच्या अलकनंदाला त्यांनीच पहिल्यांदा रंगमंचावर उभं केलं. वाक्य संपल्यावर लगेच श्वास सोडायचा नाही, हे शिकवलं. एका वर्षी एक हिंदी दिग्दर्शक नाटक बघायला आला. त्यात भानूताई थोरली बहीण होत्या, अलकनंदा धाकटी. त्याने भानूताईंना मृदुलासाठी घेतलं. दोन भागांचं चित्रीकरण झालं. दीड महिन्याने तोच दिग्दर्शक अलकनंदाच्या घरी आला आणि म्हणाला, भानुमतीजींची तब्येत बरी नसते, तुम्ही कराल का?

पहिल्या दिवशी मेकअपच्या खोलीत तिला जे ब्लाउज दिले, त्यांच्या दोन्ही शिवणी आत घेतलेल्या होत्या. मानेपाशी शाईने लिहिलेलं होतं, भानुमती. आठवड्याभरात तिला बाहेरून कळलंही होतं की भानूताईंच्या तब्येतीला काही झालेलं नाही, त्या रोज बँकेत जातात. फोन करायला हवा, असं तिला वाटलं. मालिका सुरू झाल्यावर करू, मग थोडी निवांत झाल्यावर करू. पुढच्या गणपतीत सदनाच्या अंगणात त्या समोरून येताना दिसल्या, तेव्हा ती प्रसादाच्या रांगेतून निघून मागच्या दाराने बाहेर पडली. एकाच शहरात सत्तावीस वर्षं गेली.

फाइल चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होती. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर अलकनंदा घरी न जाता मयूर विहारला उतरली. भानूताईंचा पत्ता तिने मराठी मंडळाच्या जुन्या यादीतून काढला होता. फोन केला असता तर त्या नको म्हणाल्या असत्या, अशी तिला भीती होती.

दार भानूताईंनीच उघडलं. सहासष्ट वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा, केस बारीक कापलेले. त्यांनी तिच्याकडे दोन क्षण पाहिलं.

"ये. चपला आत काढ. बाहेर ठेवल्या तर माकडं नेतात."

घर लहान आणि नीटनेटकं होतं. टेबलावर माइक आणि आठवीचं भूगोलाचं पुस्तक होतं. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं काम त्या करत होत्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी चहा केला, बिस्किटं काढली, आणि कशाला आलीस असं काही विचारलं नाही. शेवटी अलकनंदानेच सांगायला सुरुवात केली. केस, लुक टेस्ट, हनुवटी वर करा, तेहतीस वर्षांची इशिता, सहीचा कागद.  

"मला कुणी कागद दिलाच नव्हता," ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "फोनसुद्धा नाही. शूटिंगला न्यायला गाडी यायची, ती एक दिवस आली नाही. मी साडी नेसून दुपारपर्यंत गॅलरीत उभी होते."

"मला म्हणाले होते, तुम्हाला बरं नाही."

"असं होय." त्या थोडं थांबल्या. "मला नंतर कॅमेरामनने सांगितलं. म्हणाला, तुम्ही म्हाताऱ्या दिसता. मी एकोणचाळीसची होते गं. बाई अडतीसची दाखवायची होती. घरी येऊन आरशासमोर बसले तेव्हा वाटलं, खरंच की, कसं आपल्याला दिसलं नाही इतके दिवस! त्यानंतर मंडळाच्या नाटकात मी आपणहून आजीची कामं मागून घ्यायला लागले. चाळिशीत. कुणी पुन्हा सांगायला नको म्हणून. मग तीही सोडली."

अलकनंदाच्या हातातला चहा निवला होता. "भानूताई, मी फोन करायला हवा होता."

"हो," त्या म्हणाल्या. "करायला हवा होतास."

 भानूताई जाऊ दे म्हणाल्या नाहीत, आता त्याचं काय असंही नाही. अलकनंदाला वाटलं होतं की बोलून मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट, इतकी वर्षं जे धूसर होतं ते स्वच्छ झालं. साडी नेसून गॅलरीत उभी असलेली एक बाई, आणि त्याच आठवड्यात तिच्या ब्लाउजच्या शिवणी आत घेणारा कुणी शिंपी.

घरी आल्यावर तिने सुजयला फोन लावला. "मी सही करणार नाही."

"बिल्कुल, ताई. समजू शकतो." त्याने सुस्कारा सोडला. "आम्ही फ्लॅशबॅक नव्याने शूट करू मग. तसं ते सोपंच पडेल."

म्हणजे तिच्या नकाराने काही अडत नव्हतं. तिला ते ठाऊकही होतं.  आता नव्या मालिकेत तिचं काहीच उरणार नव्हतं, चालणंही नाही आणि आवाजही नाही.

"सुजय, एक मागते तुझ्याकडे. भानूताईंचे ते दोन एपिसोड मला दे."

"ताई, नियमात नाही बसत ते."

"माझं काम गेलं ते नियमात बसतं का?"

 तिसऱ्या दिवशी तिच्या मेलवर दोन फाइली आल्या, सोबत एक अक्षरही नाही. ती पाठोपाठ काही भानूताईंकडे गेली नाही. धीरच होईना. आधी शाळेच्या परीक्षा आल्या, मग स्नेहसंमेलन. जानेवारीच्या शेवटी नोएडाच्या रस्त्यावर नव्या मालिकेचे फलक लागले. कपाळावर एक रुपेरी बट असलेली सुंदर मुलगी, हातात खडू, मागे शाळा. शशिकांत बायकोला घेऊन गाडीने कुठे जायचं असलं की लांबचा, इंदिरापुरमकडचा रस्ता धरायचा. ती विचारायची नाही, तोही सांगायचा नाही. मालिका लागली त्या संध्याकाळी तनयाने जेवणाची ऑर्डर दिली, टीव्ही बंद ठेवला आणि पत्ते काढले. अलकनंदाने दोन डाव खेळून हात जोडले. "लावा गं. मला बघू दे."

तिने पूर्ण भाग पाहिला. इशिताने काम वाईट केलं नव्हतं. मन लावून केलं होतं. फक्त, वह्या तपासताना तिची मान दुखत नव्हती, आणि जिन्यावरून उतरताना तिला पायऱ्या बघाव्या लागत नव्हत्या. त्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. भाग संपल्यावर अलकनंदा बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. शशिकांत दाराबाहेर उभा राहिला. ती बाहेर आली तेव्हा त्याने नुसता टॉवेल पुढे केला.

फेब्रुवारीत, हवा स्वच्छ झाल्यावर, ती लॅपटॉप घेऊन मयूर विहारला गेली. या वेळी आधी फोन करून. "तुम्हाला काहीतरी दाखवायचंय," एवढंच म्हणाली. भानूताईंनी पडदे ओढले, गुडघ्याखाली उशी घेतली. अलकनंदाने फाइल सुरू केली.

चित्र थोडं पिवळट होतं, कडेला रेघा येत होत्या. लहानशा गावातलं स्टेशन. गाडीतून एक बाई उतरते. हातात पत्र्याची ट्रंक. ती ट्रंक खाली ठेवते, पदर सारखा करते आणि ज्या दिशेने आली तिकडे एकदा वळून बघते. तेवढंच. एकही वाक्य नाही. पण त्या बघण्यात मागचं सगळं घर होतं, नवरा होता, पंधरा वर्षं होती. अलकनंदाने हाच प्रसंग पुढे चोविसाव्या वर्षी केला होता. तेव्हा ती रडली होती, आणि युनिटने टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिला दिसलं की तिथे रडायचं नव्हतंच. चोविसाव्या वर्षी तिला ते कळणं शक्य नव्हतं. पुढे शाळेचा प्रसंग आला, सरपंचाशी बोलण्याचा आला. मृदुला प्रत्येक उत्तराआधी किंचित थांबायची. लोकांना आवडलेली ती लकब. पावणेदोन वर्षं अलकनंदाचं कौतुक झालं ते ज्या थांबण्यासाठी, ते मुळात या बाईचं होतं.

भानूताई पुढे वाकल्या होत्या. स्क्रीनवर मृदुलाचा चेहरा जवळून आला. सावळा, रुंद कपाळाचा, भरल्या गालांचा. डोळ्यांच्या कडेला उन्हामुळे पडलेल्या दोन बारीक रेषा.

"थांबव," त्या म्हणाल्या.

अलकनंदाने चित्र थांबवलं. भानूताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या जवळ ओढला आणि त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"अलका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी यात म्हातारी कुठे दिसतेय गं?"

 अलकनंदाने नकारार्थी मान हलवली.

"सांग ना. तू दाखव मला. कुठे?"

"कुठेच नाही, भानूताई. कुठेच नाही."

भानूताईंनी डोळे मिटून घेतले. रडल्या नाहीत. त्यांचे हात लॅपटॉपच्या दोन्ही कडांवर तसेच राहिले, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी लांब जाईपर्यंत त्या तशाच बसून होत्या. अलकनंदा त्यांच्या शेजारी सरकून बसली. हात धरावा का, तो हक्क आपल्याला आहे का, हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने धरला नाही.

थोड्या वेळाने भानूताईंनी डोळे उघडले. "अजून एक आहे ना?"

"हो. दुसरा भाग."

"लाव तर मग."